सहलीच्या बाईंची शेवटची सहल

जहाजावर तीन-साडेतीन हजार माणसं होती, आणि पहिल्याच सकाळी बाईंनी त्यांतल्या आम्हा तिघींची हजेरी घेतली. नाश्त्याच्या दालनात, फळांच्या लांबलचक रांगेसमोर, लग्नाआधीच्या आडनावांसकट. सुनंदा तेव्हा बशीत कलिंगड वाढून घेत होती. तिच्या तोंडून आपसूक "हजर, बाई" निघालं, आणि ते इतक्या खणखणीत आवाजात की शेजारचे एक गोरे आजोबाही दचकून ताठ उभे राहिले.

आम्ही तिघी पन्नाशी ओलांडलेल्या. नीलम फ्लोरिडात, सुनंदा नाशिक जिल्ह्यातल्या देवळा गावात, आणि मी नाशकातच. कॉलेज रोडच्या मागे माझं औषधांचं दुकान आहे. बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, पण शाळेत त्यांना 'सहलीच्या बाई' म्हणूनच ओळखत. बत्तीस वर्षं शाळेची प्रत्येक सहल त्यांनीच नेली. नीलमनं आमच्या पन्नाशीनिमित्त कॅरिबियन समुद्रातल्या आठवडाभराच्या क्रूझचा घाट घातला, तेव्हा सुनंदा फोनवर म्हणाली, "जायचं तर बाईंना घेऊन जाऊ. त्यांच्याबिगर सहल झाल्यासारखी नाय वाटायची." बाई तेव्हा चौऱ्याहत्तरच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, गंगापूर रोडला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी विचारायला गेले तर एवढंच म्हणाल्या, "किती मुली आहेत?"

व्हिसाच्या मुलाखतीत त्यांना प्रवासाचा उद्देश विचारला. बाई म्हणाल्या, "वेस्ट इंडीज बेटांवर ऊस, केळी आणि कॉफी होते असं मी बत्तीस वर्षं शिकवलंय. ते खरं आहे का, एवढं बघून परत येईन." अधिकारी हसला आणि त्यानं शिक्का मारला. बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी खरंच उद्देश सांगितला होता.

जहाजावर एक खिडकी असते, बंदरावर उतरून काय काय करता येईल ते सांगणारी. डॉल्फिनबरोबर पोहणं, दोरीवरून झाडांवरून घसरत जाणं, पाण्याखालचे मासे बघणं, पडक्या देवळांना भेट. बाई तिथे वही घेऊन उभ्या राहिल्या. खिडकीतला तरुण गोड हसून डॉल्फिनचं वर्णन करत होता आणि बाई विचारत होत्या, "बोटीत माणसं किती, जॅकेटं किती? वाहनचालक सकाळी किती वाजता कामावर आला? परत यायची वेळ आणि जहाज सुटायची वेळ यांत दोन तासांचं अंतर आहे का?" मागे रांग वाढत होती. नीलम लाजून छताकडे बघत होती. पण त्या तरुणाची गंमत बघा, तिसऱ्या प्रश्नाला त्यानं हसणं थांबवलं आणि पाचव्याला खुर्ची पुढे ओढून घेतली. शेवटी त्यानं स्वतःहूनच दोन सहलींवर काट मारली. "मॅडम, ह्या तुमच्यासाठी नकोत. परतायला उशीर होतो."

मग आमची छाननी झाली. दोरीवरून घसरण्याची हौस सुनंदाला. बाईंनी तिचं वय, गुडघे आणि रक्तदाब विचारला. सुनंदानं वय तीन वर्षांनी कमी सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सुनंदा, तुझी जन्मतारीख माझ्या हजेरीपटात होती." दोरी रद्द झाली. रक्तदाबाच्या गोळ्या मीच तिला देत होते, त्यामुळे मलाही मध्ये बोलायला तोंड नव्हतं.

पहिलं बंदर मेक्सिकोच्या बाजूचं, कोझुमेल नावाचं बेट. उतरण्याआधी बाईंनी सुनंदाला दागिने उतरवायला लावले. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरची ती, हातात पाटल्या, गळ्यात भलं मोठं मंगळसूत्र. "बाई, मंगळसूत्र काढू? तुम्ही सांगताय?" "ते तिजोरीत सुरक्षित राहील. नवरा देवळ्यात सुरक्षित आहे. तू इथं सुरक्षित राहा." काळ्या मण्यांची साधी पोत घालून सुनंदा उतरली. दिवसभर तिचा हात हलक्या झालेल्या गळ्याकडे जात राहिला.

मग बाईंनी प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर जहाजाचं नाव, धक्क्याचा क्रमांक, जहाज कंपनीच्या तिथल्या एजंटाचा फोन आणि परत चढायची वेळ. वेळेखाली दोन रेघा. "बेटावरचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागं आहे," त्या म्हणाल्या. "खरं तर बेटाचंच त्यातल्या त्यात बरोबर. उन्हाळ्यात अमेरिकेनं घड्याळं पुढं ढकललीत आणि जहाज त्यांच्या नादानं चालतंय. रेखांशाप्रमाणं जहाज चुकलेलं आहे. पण जहाज आपलं ऐकणार नाही. म्हणून जहाजाचंच घड्याळ धरायचं." एवढं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, हुशार मुलीनं मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिल्यावर दिसायचं तसं, दुःख होतं.

धक्क्याच्या फाटकाबाहेर एक माणूस चित्रांचा पुठ्ठा घेऊन उभा होता. बेटाच्या पलीकडच्या अंगाला एक निवांत किनारा आहे, अर्ध्या दरात नेऊन आणतो म्हणाला. सुनंदाचे डोळे चमकले. तिनं हिंदी, मराठी आणि हातवारे यांच्या जोरावर तो दर आणखी खाली आणला. "बाई, लय स्वस्तात नेतोय. काय बिघडतंय?" बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पाटी नव्हती, परवाना नव्हता, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का या प्रश्नाला तो फक्त हसला. बाईंनी आम्हाला मागे फिरवलं. आम्ही तिघी फुगलो. नीलम तर म्हणाली, "आपण काय आठवीत आहोत का?" बाई म्हणाल्या, "आठवीत होतात तेव्हा तरी ऐकायचात."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शेजारचं जोडपं सांगत होतं, की त्या बाजूला लाल झेंडे लावले होते आणि त्यांच्या ओळखीच्या एका बाईला लाटेनं आत ओढलं होतं. नशिबानं दोघा माणसांनी तिला बाहेर काढलं. सुनंदा पुढ्यातला भात चिवडत राहिली. 'मी सांगितलं नव्हतं का' हे वाक्य बाईंकडे नव्हतंच. शाळेतही नव्हतं.

त्या दिवशी आम्ही जवळच्याच, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर गेलो होतो. बाई साडीचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात, डोक्यावर काळी छत्री, गळ्यात शिट्टी. आम्ही कमरेच्या पुढे पाण्यात गेलो की शिट्टी. उंच मचाणावर बसलेल्या जीवरक्षकाकडेही शिट्टी होती. पहिला अर्धा तास तो वैतागून बघत होता. नंतर कुणाची तरी दोन पोरं खोलात निघाली, ती बाईंना त्याच्या आधी दिसली. मग त्यानं टोपी काढून बाईंना सलाम केला, आणि दिवसभर दोघं मिळून किनारा सांभाळत होते.

शेवटचं बंदर जमैकाचं. तिथे एक धबधबा आहे. खालून वर, दगडांच्या पायऱ्यांवरून, एकमेकांचे हात धरून चढायचं. बाईंना ही कल्पना इतकी पसंत पडली की जणू त्यांनीच ती काढली होती. त्यांचा स्वतःचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या येणार नव्हत्या. पण बसपर्यंत आल्या. वाहनचालकाच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, आमच्या रबरी बुटांचे तळवे चाचपले. "मी इथल्या बाजारात जरा फिरते आणि दोनपर्यंत जहाजावर जाते," म्हणाल्या. ऊस बघायचा राहिला होता.

आम्ही धबधबा चढलो, ओल्याचिंब झालो, पोट दुखेपर्यंत हसलो. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पावणेचारला परत आलो. चढायची शेवटची वेळ साडेचार. बाईंची खोली रिकामी होती. वाचनालयात नव्हत्या, डेकवर नव्हत्या. खालच्या शिडीपाशी प्रत्येकाचं कार्ड तपासतात, तिथे नीलमनं विचारलं. पडद्यावर बघून अधिकारी म्हणाला, "त्या सकाळी उतरल्या आहेत. परत चढलेल्या नाहीत."

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अधिकारी सभ्य होता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, जहाज थांबणार नाही. एखादा प्रवासी राहिलाच तर त्याचा पासपोर्ट किनाऱ्यावरच्या एजंटाकडे देतात आणि त्यानं आपलं आपण पुढचं बंदर गाठायचं. पुढचं बंदर म्हणजे थेट अमेरिका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, दुखरा गुडघा, परका देश. सुनंदा म्हणाली, "मी उतरते." मी म्हटलं, "मीही." नीलमला शिडीपाशीच उभं केलं. "तू इथनं हलू नको. त्याच्याशी बोलत राहा. काय वाटेल ते बोल."

उतरताना मला कळत होतं, की बाईंना हे मुळीच आवडलं नसतं. एक चुकली म्हणून आणखी दोघींनी रांग सोडायची नाही, हा त्यांचाच नियम.

फाटकावरच्या पहारेकरणीला साडी आणि काळी छत्री एवढं सांगितल्यावर तिनं लगेच बाजाराकडे हात केला. आम्ही धावलो. मुखवटे, झगे, मसाले, टोप्या ओलांडून अगदी टोकाला भाजीवाल्या बायका बसल्या होत्या. तिथे एका मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. एका हातात उसाचं कांडं, समोर एक धिप्पाड काळी बाई सुरीनं दुसरं कांडं सोलते आहे, आणि दोघी आपापल्या इंग्रजीत टोमॅटोवरच्या किडीबद्दल बोलताहेत. त्या बाईचं नाव पॉलिन.

"बाई!" मी ओरडले. "जहाज सुटतंय!"

बाईंनी शांतपणे मनगट पुढे केलं. "अजून तासभर आहे, गं."

घड्याळ बेटाच्या वेळेवर होतं. नंतर कळलं ते असं, की पॉलिननं त्यांचं घड्याळ बघून "तुमचं चुकलंय" म्हटलं होतं. भूगोलाच्या बाईंना चुकीची वेळ हातावर घेऊन बसायची लाज वाटली, आणि त्यांनी काटे बरोबर जागी आणून ठेवले. पंच्याहत्तर अंश पश्चिम रेखांशाप्रमाणे ते अगदी बिनचूक होतं.

"जहाजाचं घड्याळ, बाई!" सुनंदा म्हणाली. बाईंचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या उठल्या आणि गुडघ्यानं दगा दिला, परत खाली बसल्या. "तुम्ही दोघी जा," त्या म्हणाल्या. "मी सांगते म्हणून जा. पळा."

आम्ही दोघी जागच्या हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बाईंचं ऐकलं नाही.

पॉलिननं आमच्याकडे पाहिलं, आपल्या हातगाडीवरची केळी खाली उतरवली आणि बाईंना दोन्ही हातांनी उचलून गाडीवर बसवलं. सुनंदानं दांडा धरला. "सरका. माझा जन्म गाड्यांतच गेलाय." पुढे सुनंदा ओढते, मागून पॉलिन ढकलते, मी छत्री आणि पिशवी घेऊन बाजूनं धावते, आणि मधे बाई, उसाचं कांडं छातीशी घट्ट धरून. भर बाजारात वाट मोकळी होत गेली. कुणी टाळ्या वाजवत होतं. पहारेकरणीनं सामानाचं मोठं फाटक उघडून दिलं.

साडेचार उलटून सात मिनिटं झाली होती. शिडी अजून लावलेली होती, आणि तिच्या पहिल्याच पायरीवर उभी राहून नीलम त्या अधिकाऱ्याला आपल्या तिन्ही बाळंतपणांची हकिगत सांगत होती. बाईंना वर घेतलं. त्यांनी वळून पॉलिनकडे पाहिलं आणि हातातलं उसाचं कांडं उंच धरलं. पॉलिननं नुसता हात हलवला आणि रिकामी गाडी वळवली.

रात्री जेवताना बाई उठून उभ्या राहिल्या. "आज माझी चूक झाली," म्हणाल्या. "मी इतकी वर्षं मुली मोजल्या. मोजताना स्वतःला धरायचं राहून गेलं. आणि तुम्ही माझ्यासाठी उतरलात, ते चुकीचं केलंत." मग खाली बसून हळूच म्हणाल्या, "थँक्यू." सुनंदा ओक्साबोक्शी रडायला लागली, तेव्हा वाढपी घाबरून दोनदा विचारून गेला, की जेवणात काही बिघडलं का.

बाई आता नाहीत. परत आल्यावर त्यांना एक दिवाळी मिळाली आणि पुढच्या थंडीत त्या गेल्या, झोपेत. पण त्याआधी एकदा शाळेनं त्यांना मुलींशी बोलायला बोलावलं होतं आणि मी त्यांना सोडायला गेले होते. मागच्या बाकावर बसून ऐकत होते. बाईंनी फळ्यावर हातानं बेटं काढली, सगळी जागच्या जागी. एका मुलीनं विचारलं, "बाई, सगळ्यात काय आवडलं? डॉल्फिन?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "बाजार," म्हणाल्या. "मी ऊस शोधत होते. पाय दुखत होते. तिथल्या एका भाजीवाल्या बाईनं स्वतःची खुर्ची काढून दिली आणि म्हणाली, बसा. सहलीत मला कुणी बसा म्हटल्याचं आठवत नाही. मी बसले. इतकं बरं वाटलं, की मला उठावंसंच वाटेना. घड्याळाचं नुसतं निमित्त झालं."

मुलींना ते फारसं कळलं नाही. त्यांना डॉल्फिन हवा होता. मी मात्र मान खाली घालून बसले. आठवडाभर आम्ही तिघी बाईंना खांबासारखं उभं बघत होतो, किनाऱ्यावर, रांगेत, खिडकीसमोर. हसत होतो. आमच्यापैकी एकीलाही ते सुचलं नव्हतं.

त्यांना घरी सोडलं, तर दार उघडताच त्या सवयीनं चहा ठेवायला निघाल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बसा. मी करते."

"तुला साखर कुठं आहे ते माहीत नाही."

"शोधीन की."

"वरच्या फळीवर. डावीकडचा डबा. तो नाही, त्याच्या मागचा. आणि गॅस बारीक ठेव." बाहेरून सूचना येत राहिल्या, आल्याबद्दल, गाळणीबद्दल, कपांबद्दल. मग हळूहळू थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं. बाई खुर्चीत मागे टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसून होत्या.