आदल्या वकिलांचं घड्याळ

हल्ली मनगटाला पट्ट्यानं घड्याळ बांधलेली माणसं दिसतात. त्यातली काही मला विचारतातही, नवं घ्यावं की कुणाचं वापरलेलं चांगलं मिळालं तर बघावं. मी म्हातारा वकील, तेव्हा मला सगळ्यातलं कळतं अशी लोकांची समजूत. मी सांगतो, नवं घ्या. का म्हणून विचारलं की उठून आत जातो. ते कारण तोंडानं सांगायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आमच्या वेळी घड्याळ अंगरख्याच्या खिशात असे आणि साखळी छातीवर. ठाण्याच्या कोर्टात मी नुकती स्वतंत्र वकिली मांडली होती. त्याआधी तीन वर्षं एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली नकला करण्यात काढली. ते त्या साली दिवाळी झाल्यावर वारले. मूलबाळ नव्हतं. मागे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू. त्या तीन वर्षांत दुपारचं जेवण मी त्यांच्याच घरी जेवलो होतो, आणि कधी कोर्टात उशीर झाला तर माझं पान झाकून ठेवलेलं असे.

माझी वकिली मात्र चालत नव्हती. एक दिवस माजिवड्याचा एक मिठागरवाला, आमच्या मोठ्या वकिलांचा जुना पक्षकार, बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन आला. अर्धा तास बोलला आणि मधेच थांबून माझ्या टेबलाकडे बघत राहिला.

"वकीलसायेब, तुमचेकरं घड्याल नाय?"

"नाही बुवा. का?"

"नाय, आदले वकील घड्याल कारून मेजाव ठेवाचे. मंग आमी पन कामापुरतंच बोलाचो."

तो कागद घेऊन गेला तो गेलाच. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वकिलाच्या ओटीवर बसलेला दिसला. मला राग आला, पण त्याचं काही चुकत नव्हतं. वकिलाचं ज्ञान पक्षकाराला दिसत नाही, साखळी दिसते.

मी घड्याळ घ्यायचं म्हणतोय ही गोष्ट काकूंच्या कानावर गेली असावी. त्यांचा निरोप आला. वैधव्य आल्यापासून त्या परक्या पुरुषासमोर येत नसत, आणि तीन वर्षं जेवू घातलेला मीही आता परकाच ठरलो होतो. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून त्या आतून बोलल्या. उंबऱ्यावर फडक्यात गुंडाळलेलं वकिलांचं घड्याळ ठेवलेलं होतं. सोन्याचं, जाड झाकणाचं, विलायती, किल्ली देण्याचं.

"जायच्या आधी त्यांनी माझ्या हातात दिलं," काकू म्हणाल्या. "विकून टाक म्हणाले, आणि कल्याणला भावाकडे जा. अरे, चार पैसे गाठीला घेऊन गेले तर मी त्या घरात बहीण. रिकाम्या हातानं गेले तर स्वयंपाकीण. इथं तरी कुणाच्या आधारानं राहू? तूच घे. बाहेर बोभाटा नको."

मी म्हटलं, आठ दिवसांत सांगतो. आणि दीड महिना लावला.

त्या दीड महिन्यात मी काय केलं ते आठवलं तरी शीण येतो. आधी मुंबईला गेलो. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका बड्या दुकानात काचेच्या पेटीमागे घड्याळं ओळीनं मांडलेली. दुकानातल्या माणसानं आधी माझ्या धुळकट वहाणा पाहिल्या, मग माझा चेहरा. तरी त्यानं मखमलीवर एक नवंकोरं घड्याळ ठेवलं. चांदीचं, बिनकिल्लीचं, डोक्याला पीळ दिला की चालणारं. काकूंनी सांगितलेल्या किमतीत नवं चांदीचं येत होतं आणि जुनं सोन्याचं. आता काय करावं? नवं हातात धरलं की जुनं डोळ्यांपुढे येई, आणि परत येताना गाडीत बसलो की नव्याची आठवण छळे.

मग दाखवून परत आणतो म्हणून काकूंकडून घड्याळ मागून घेतलं आणि ठाण्यातल्या घड्याळजीकडे गेलो. तो ते डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत बसला.

"यंत्र चोख आहे," तो म्हणाला. "या गावात खाडीची हवा आणि मिठाची. पोलादाला गंज चढतो. ह्यानं इथले नऊ-दहा पावसाळे काढलेत. नव्याचं मला तिसऱ्या पावसाळ्यानंतर विचारा."

यावर माणसानं निर्णय घ्यायला हवा होता. पण कोर्टात मित्रमंडळी बसलेली होतीच. एक म्हणाला, मेलेल्या माणसाचं घड्याळ खिशात घालणार? दुसरा म्हणाला, गावातलं पोरगंही ते ओळखेल, आणि तू ते काढलंस की लोकांना ते आठवतील, तू नाहीस. सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन रात्रभर कुढलो. पुन्हा मुंबईला गेलो. पुन्हा तेच चांदीचं घड्याळ हातात घेऊन परत ठेवलं. दुकानातल्या माणसानं या खेपेस मखमल अंथरलीच नाही.

एकदा काकूंनी दाराआडून विचारलं, "काय ठरलं रे?" मी म्हटलं, बघतोय. "बघ बाबा," त्या म्हणाल्या, "फार दिवस नको लावूस." त्यांना कसली घाई आहे हे मी विचारलंही नाही.

शेवटी जुनंच घ्यायचं ठरवलं. इतकं झाल्यावर तरी पैसे मोजून घड्याळ उचलायचं की नाही? पण मी वकील. वापरलेली वस्तू घ्यायची तर तिची मालकी निर्वेध हवी, हे ज्यांच्याकडे शिकलो त्यांचीच ती वस्तू होती. त्यांना एक धाकटा भाऊ होता. डोंबिवलीला, तेव्हाच्या त्या चार आळ्यांच्या गावात, घरची भातशेती पाहायचा. कुटुंब एकत्र, वाटण्या झालेल्या नव्हत्या. वकिलांचं शिक्षण घरच्या पैशावर झालेलं, तेव्हा कमाईही घरची, असा वाद उद्या कुणी घातलाच तर घालायला जागा होती. घड्याळ हातात दिलं त्याला साक्षीदार कुणी नाही. मला ते सगळं नीट दिसत होतं. असलंच बघायला मी शिकलो होतो.

म्हणून मी त्या दिराला पत्र लिहिलं. अक्षर सुरेख काढलं. वहिनींकडून अमुक घड्याळ विकत घेत आहे, तरी आपला त्यावर हक्क नसल्याबद्दल दोन ओळींचा कागद सहीनिशी पाठवावा, ही विनंती. पत्र टाकून आलो तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे लिहायची लाज वाटते पण लिहितो. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी रीतसर केलं असं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी दीर ठाण्यात आला, तो कागद घेऊन नव्हे, बैलगाडी घेऊन. घड्याळ घेतलं, मग कपाट, भांडी, समया, पुस्तकांची पेटीसुद्धा गाडीत चढवली. वहिनी वस्तू विकते आहे हे त्याला माझ्या पत्रानंच कळलं होतं. तोवर तो बिचारा भात झोडपत बसला होता, ठाण्याला यायची त्याला सवडही नव्हती. मी दोन दिवस फिरतीवर होतो. परत आलो तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं की काकू एक बोचकं घेऊन कल्याणला गेल्या.

त्यानंतर दीर माझ्या ओटीवर आला. मोठ्या आदरानं बसला.

"तुमचे उपकार झाले," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं नसतंत तर घर धुऊन गेलं असतं. आणि हे घ्या, तुम्हाला हवं होतं ना? किंमत तुम्ही द्याल ती."

त्यानं घड्याळ टेबलावर ठेवलं. मिठागरवाला म्हणाला होता तसंच, अगदी मधोमध. मी नको म्हटलं. तो चकित झाला, थोडा दुखावलाही, आणि घड्याळ उचलून गेला. त्या नाही म्हणण्याचा मी पुढे काही वर्षं मनात अभिमान बाळगला. त्यानं काकूंच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. मी त्यांच्या भावालाही लिहिलं, दावा लावू, मी फी घेणार नाही. त्याचं सभ्य उत्तर आलं की घरची गोष्ट चव्हाट्यावर नेण्याची आमची इच्छा नाही.

महिन्याभरानं मी मुंबईला जाऊन ते चांदीचं नवं घड्याळ घेतलं. दहा मिनिटांत घेतलं, भावही केला नाही. ते टेबलावर ठेवू लागलो आणि पक्षकार येऊ लागले. घड्याळजीचं भाकीतही खोटं ठरलं. ते आजतागायत नीट चालतं आहे.

सात-आठ वर्षांनी काकूंच्या त्या भावानं कल्याणला पारनाक्यावर नवं घर बांधलं. मधल्या काळात त्याचं एक काम मी कोर्टात चालवलं होतं, त्यामुळे वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. जाऊ नये असं फार वाटत होतं. गेलो. ओटीवर दहा-बारा मंडळी बसली होती, आत पहिली पंगत चालू होती. धुरानं भरलेल्या स्वयंपाकघरातून वाढप्यांना कुणीतरी एकसारखं सांगत होतं, भाजी आधी न्या, ताकाला मीठ लावा, तिकडे मीठ वाढलं नाही. घोगरा, दमलेला आवाज होता. मी ओळखला.

थोड्या वेळानं त्याच आवाजानं आतून विचारलं, "बाहेर कुणाकडे घड्याळ आहे का? किती वाजले? दुसऱ्या पंगतीचा भात चढवायचाय."

"आपले वकीलसाहेब आहेत की," घरमालक कौतुकानं म्हणाला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खिशात हात घातला, झाकण उघडलं, आणि साडेबारा झाल्याचं सांगितलं. आतला गलका चालूच होता, पण तो आवाज दाराशी आला.

"कोण, तू का रे?"

"हो काकू."

"घेतलंस होय एकदाचं," काकू म्हणाल्या. "बरं झालं."

आणि त्या भात चढवायला वळल्या. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.