सासऱ्यांच्या खिशातली वायर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. बायकोचं म्हणणं असं की मी हातात पाना घेतला की बाकीच्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन बसावं. ती नागपूरची आहे, थोडं वाढवून सांगायची तिला सवय आहे, पण या बाबतीत ती फार वाढवत नाही.

पन्नाशीला आल्यावर मी एक जुना पिकअप ट्रक घेतला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. दिवसभर स्क्रीनवर जे करतो ते हाताला कधी लागत नाही. म्हटलं, हाताला लागेल, काळं करेल असं काहीतरी असावं. हात काळे झाले, त्याबरोबर ड्राइव्हवेही काळा झाला. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या वसाहतीच्या असोसिएशनने तेलाच्या डागांबद्दल दोन पत्रं पाठवली, दोन्ही अत्यंत नम्र आणि दोन्ही वाचून डोकं फिरावं अशी.

डागांचं मूळ होतं ऑइल फिल्टर. त्या इंजिनाचा फिल्टर इतक्या अडचणीच्या जागी, खाली बसवलेला होता, की बदलताना अर्धं तेल कोपरापर्यंत ओघळायचं आणि अर्धं जमिनीवर. यावर उपाय असतो. फिल्टर तिथून उचलायचा आणि बॉनेट उघडलं की हाताशी येईल असा वर बसवायचा. जुन्या जागी एक अडॅप्टर लावायचा आणि त्यातून दोन रबरी होज वर न्यायचे. एका होजमधून तेल फिल्टरकडे जातं, दुसऱ्यातून गाळून इंजिनात परत येतं. सगळं सामान मी मागवून ठेवलं होतं आणि सहा महिने ते खोक्यातच होतं. आता मात्र घाई होती, कारण तीन आठवड्यांनी सासरे परत जाणार होते आणि त्याआधी मला त्यांना या ट्रकमधून एक चक्कर मारून आणायची होती.

सासरे म्हणजे बसडेपोच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना इकडे आणलं. ग्रीन कार्डही झालेलं होतं, म्हणजे राहायला कसलीच अडचण नव्हती. पण सातव्या महिन्यात एक दिवस जेवताना ते म्हणाले, "मुलीच्या घरी किती दिवस राहायचं, जायला पाहिजे आता." मी त्याच संध्याकाळी तिकीट काढून दिलं. नागपूरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहणार होते. बायको आठवडाभर भाजी चिरताना डोळे पुसत होती आणि भाजीत कांदा नव्हता. तिला मीच बजावलं होतं, त्यांना गळ घालू नकोस, त्यांच्या मनाविरुद्ध ठेवून घ्यायचं नाही.

मनात काय आहे ते त्यांच्या तोंडून कळणं कठीणच होतं म्हणा. सात महिने त्यांनी मिठाची गुळणी धरली होती. जेवण कसं झालं, छान. झोप लागली का, छान. मी त्यांचा जावई, त्यामुळे मी खोलीत आलो की ते उठून उभे राहायचे. मला कसंतरी व्हायचं आणि कसंतरी झालं की मी चिडतो. पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ उघडायला घेतला होता. मी ऑफिसच्या कॉलवरून वैतागून आलो होतो. "बाबा, राहू द्या," मी म्हणालो, "इथलं वेगळं असतं." त्यांनी पाना खाली ठेवला, हात धुतले आणि त्यानंतर घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावला नाही. मी ते विसरूनही गेलो.

त्या शनिवारी सकाळी मी ट्रकखाली शिरलो. सासरे बाहेर येऊन उभे राहिले, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशात चष्म्याची डबी. मी मधूनमधून त्यांना ऐकवत होतो, हा अडॅप्टर, हा होज, व्हिडिओत असं दाखवलंय. ते "हो, हो" म्हणत होते. एकदा दुसरा होज आवळताना मला वाटलं, ते काहीतरी बोलणार. मी मान बाहेर काढून विचारलं, "बरोबर आहे ना बाबा?"

"तुम्ही करून राहिले ते बरोबरच असेल," ते म्हणाले.

फिल्टर बसला, तेल भरलं. मी आत जाऊन हात धुतले आणि बायकोला सांगितलं की अर्ध्या तासात तयार हो, फिरायला जायचंय. बाहेर आलो तेव्हा सासरे बॉनेटपाशी उभे होते. मी ट्रकमध्ये बसून स्टार्टर मारला. इंजिन गरगरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

सासरे खिडकीपाशी आले. "ऑइलच्या काट्याकडे बघा जरा," ते हळूच म्हणाले.

"बाबा, इंजिन सुरूच होत नाहीये, काट्याकडे काय बघू?"

ते मागे सरकले. मी आणखी चार वेळा स्टार्टर मारला. मग उतरलो. पेट्रोल बघितलं, होतं. बॅटरी बघितली, ठणठणीत. शेवटी डिस्ट्रिब्यूटरपाशी वाकलो तर कॉइलकडून येणारी मधली वायरच गायब. ज्या वायरीशिवाय ठिणगी पडत नाही, नेमकी ती. मी ट्रकच्या खाली शोधली, सामानाच्या खोक्यात शोधली, मराठीत आणि इंग्रजीत जे येत होतं ते सगळं बोलून झालं. असोसिएशनच्या खानदानाचाही उद्धार केला, त्यांचा या वायरीशी काहीएक संबंध नसताना. मग माझं लक्ष सासऱ्यांच्या शर्टाकडे गेलं. चष्म्याच्या डबीशेजारी वायरीचं काळं टोक डोकावत होतं आणि पांढऱ्या खिशावर ग्रीसचा डाग पडला होता.

"ही तुमच्याकडे?"

"मी काढली," ते म्हणाले. आवाज अगदी शाळेत पकडलेल्या पोरासारखा. "तुम्ही हात धुवायला गेले तेव्हा."

"अहो, पण का?"

त्यांनी वायर माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. "आधी काटा बघा. एवढं फिरवलं इंजिन, काटा हलला का?"

मी आत डोकावून बघितलं. तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावर.

"होज उलटे लागले आहेत," ते म्हणाले. "फिल्टरमध्ये एक रबराची चकती असते. तेल उलट्या बाजूने आलं की ती दार लावून घेते. पुढे थेंब जात नाही. इंजिन सुरू झालं असतं तर दोन मिनिटांत बेअरिंगं जळली असती."

सात महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सर्वांत मोठं बोलणं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून होज काढले. म्हणजे त्यांनी काढून अदलाबदल करून लावले, मी पाने दिले आणि होज धरून ठेवणारा खालचा क्लॅम्प तेवढा आवळला. पुन्हा तेल सांडलं, तिसऱ्या पत्राची सोय झाली. वायर न लावताच त्यांनी मला स्टार्टर मारायला सांगितलं. काटा थरथरला आणि चढायला लागला. तेव्हा कुठे त्यांनी वायर जागेवर बसवली. इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. ते त्यावर हात ठेवून थोडा वेळ ऐकत राहिले, मग मला हाताने खूण केली, बंद करा.

"तुम्हाला कळलं कधी?" मी विचारलं.

"तुम्ही लावून राहिले होते तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"जावयाला चूक कसं म्हणायचं?" ते चिंधीला हात पुसत म्हणाले. "आणि तुम्हीच म्हणाले होते, इथलं वेगळं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका नळासाठी बोललेलं माझं वाक्य या माणसाने सात महिने नियमासारखं पाळलं होतं. इंजिन वाचवायचं पण मला दुखवायचं नाही, म्हणून वायर खिशात घालून, शर्ट खराब करून उभा राहिला होता. मी ट्रकच्या पायरीवर बसलो. म्हटलं, "आणखी काय काय बोलला नाहीत, आज सांगून टाका."

त्यांना ते खरं वाटेना. मी दोनदा म्हणालो, तेव्हा त्यांनी सुरुवात केली. चहा पाणचट असतो. खोलीतल्या एसीने गुडघे धरतात. तो नळ अजून गळतो आहे, रात्रभर ऐकू येतो. मी मान डोलवत होतो. मग ते थांबले आणि चिंधीची घडी घालायला लागले.

"आणि तिकीट," ते म्हणाले.

"तिकिटाचं काय?"

"मी म्हटलं, जायला पाहिजे. तुम्ही त्याच दिवशी काढून टाकलं."

"तुम्हाला जायचंय असं वाटलं आम्हाला."

"मुलीचा बाप काय स्वतःहून म्हणेल, राहतो म्हणून? मला वाटलं, एकदा तरी कोणी म्हणेल, राहा." त्यांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "तिकडे आता कोण आहे मला?"

आत बायको फिरायला जायचे कपडे करून बसली होती आणि तिने वडिलांना थांबवू नये म्हणून तिच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं. आम्ही त्यांचा मान ठेवत होतो, ते आमचा मान ठेवत होते आणि या मानापायी म्हातारा माणूस एकटा विमानात बसणार होता.

"राहा बाबा," मी म्हणालो. "तिकीट आत्ता कॅन्सल करतो."

त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. "तिला तुम्हीच सांगा. माझ्यानं बोलणं होणार नाही." मग ते बॉनेटखाली वाकले आणि खालच्या होजवर बोट ठेवून म्हणाले, "हा क्लॅम्प तुम्ही आवळला ना? ढिला आहे."

मी पाना घेऊन आवळला.

"आणखी," ते म्हणाले.