येताना आपलं ताट आणावं

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत तिथल्या पंगती उठल्या की प्लास्टिकचे द्रोण, चकचकीत पत्रावळी, अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या, सगळं मागच्या नाल्यात जातं. गाई त्यात तोंड घालतात. उरलेलं कोणीतरी पेटवून देतं आणि तो काळा धूर थेट आमच्या वर्गात शिरतो. आम्ही खिडक्या लावून पाढे घेतो. लग्न त्यांचं, खोकला आमच्या पोरांना.

म्हणून माझ्या शेजारचा वर्ग शिकवणाऱ्या मैत्रिणीनं मुलीच्या लग्नात कचरा होऊच द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तिचं सासर शेलूबाजारचं, कापडदुकानाचं. घरच्यांना डीजे हवा होता, चौकाचौकात फ्लेक्स हवे होते. ही सगळ्यांना पुरून उरली. मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यातलं खात आम्ही ते लग्न आखलं. अक्षतांच्या तांदळाऐवजी झेंडूच्या पाकळ्या, बाटल्यांऐवजी माठ. घोडं अडलं ते ताटांपाशी. बाजारातल्या पत्रावळीला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, आणि भाड्याची ताटं घासायची तर भर उन्हाळ्यात एवढं पाणी आणायचं कुठून? शेवटी तिनंच तोडगा काढला. पत्रिकेत खाली छापलं, ‘येताना आपलं ताट, वाटी, पेला सोबत आणावा.’ ज्यानं त्यानं घरी नेऊन धुवावं. मला पटलं. मी तर तिची पाठच थोपटली.

पत्रिका घेऊन ती घरी आली आणि माझ्या वडिलांच्या पाया पडली. बाबा एसटीच्या आगारातून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच होते. तिची मुलगी लहानपणी शाळा सुटल्यावर आमच्याच अंगणात असायची. तिला सायकल बाबांनी शिकवली, पडल्यावर गुडघ्याला हळद बाबांनी लावली. “तुह्या लग्नात पह्यल्या पंगतीत बसून जेवतो का नाई पाय,” असं ते तिला चिडवायचे. अलीकडे छातीचं दुखणं मागे लागलं होतं, पण लग्नापर्यंत धड राहायचं म्हणून गोळ्या न चुकता घेत होते.

मैत्रीण गेल्यावर त्यांनी पत्रिका पार खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“ताट घेऊन जायाचं?”

“हाव बाबा. सारेच आनतीन. कचरा नको म्हून.”

“मंग मी येईन, पन जेवाचा नाई.”

आमचं मूळ गाव केनवडच्या अंगाला. तिथल्या गावजेवणाबद्दल बाबा कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. “पंगत असली का माय पोचे पडलेलं जर्मनचं ताट हातात देये. आमी कुंपनाच्या बाहीर बसू. साऱ्या गावाचं झालं का मंग वरूनच टाकत, शिवाशिव नको म्हून. एका खेपेले आमच्यापरेंत येता येता अन्न सरलं. तसंच ताट घेऊन वापस आलो. मायनं ताट पाह्यलं, काई बोल्ली नाई. नौकरी लागली तवा ठरवलं, आता जेवाले गेलो तं हात हालवत जाईन. बलावनाऱ्यानं ताट द्यावं.”

“पन बाबा, इथं तं साऱ्याईलेच सांगतलं ना.”

“समजते मले. पोरीची माय चांगलंच करून राह्यली. पन माह्या हाताले कोन समजावन?”

ते रागावले असते तर मी भांडले असते. रागावले नाहीत, तेच मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीशी बोलायला गेले. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, पण जात हा शब्द आमच्यात कधी आला नव्हता. तो आपणच पहिल्यांदा काढायचा, तोही तिच्या घरी लग्न असताना, हे माझ्या जिवावर आलं. मी एवढंच म्हणाले, “बाबाले ताट आननं जमत नाई.”

“एवढंच ना वं?” ती हसली. “त्याईच्यासाठी मी घरचं वेगळं ताट ठेवीन. दुसऱ्या कोनाले नाई देनार, पन त्याईले देईन.”

वेगळं ताट! इतक्या मायेनं म्हणाली बिचारी. घरी येऊन बाबांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? नाहीच सांगितलं.

लग्नाला बाबा पांढरा सदरा घालून आले. पाकळ्या टाकल्या, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, “आजोबा, पह्यली पंगत!” “बसतो ना माय, तू जाय,” असं म्हणून ते गर्दीतून हमरस्त्यावर गेले आणि जीपमध्ये बसून घरी परतले. लगीनघाईत मायलेकींच्या ते ध्यानातही आलं नाही. मी माझं स्टीलचं ताट घेऊन पंगतीत बसले. बायका एकमेकींची ताटं पाहून हसत होत्या, एकीनं तर हौसेनं रुखवताचं चांदीचं आणलं होतं. मागे कचऱ्याचा कपटाही नव्हता. गाई आल्या, थांबल्या, निघून गेल्या. जो तो मैत्रिणीचं कौतुक करत होता आणि ते खरंच होतं. मी माझी बुंदी शेजारच्या पोराच्या ताटात सरकवली.

घरी आले तेव्हा बाबांनी सकाळच्या भाकरीवर भागवलं होतं.

“कचरा झाला का?”

“काईच नाई झाला.”

“मंग बरं झालं,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

दिवाळीनंतर बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मैत्रीण आली, बसली आणि पिशवीतून स्वतःचं ताट काढलं. आता ती सगळीकडेच नेते. मी ते तिच्या हातातून घेऊन फळीवर ठेवलं आणि आमच्या ताटात तिला वाढलं.

“अवं, मी आनलं ना.”

“राहू दे. आमच्या घरी ताट आमी देतो.”

माझा आवाज चढला असावा. ती जेवू लागली. मग म्हणाली, “पोरीचा फोन आलता. लय रडली. म्हने, आजोबा बोलले तसे माह्या पह्यल्या पंगतीत जेवले, तेवढंच समाधान.”

तेव्हा मला राहवलं नाही. “जेवले नवते ते,” मी म्हणाले, आणि कुंपण, जर्मनचं ताट, त्यांच्या आईचं गप्प राहणं, सगळं सांगितलं. तिनं घास ताटात ठेवला.

“अन् मी वेगळं ताट म्हटलं.”

“हाव.”

“सांगतलं का तू त्याईले?”

“नाई.”

तिनं फळीवरच्या आपल्या ताटाकडे पाहिलं. “मंग पोरीलेही हे नको सांगू,” ती म्हणाली.

मी मान डोलावली. आता ती पोरगी आपल्या लेकरांनाही सांगेल की आजोबा माझ्या लग्नात पहिल्या पंगतीत जेवले, आणि आम्ही दोघी समोर बसून ते ऐकून घेऊ.