हर्षितची सही

शामलाताई लकडगंजातल्या एका लाकडाच्या कंपनीत हिशेब बघतात. कंपनी त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी उभी केलेली. मी तिथेच पत्रव्यवहार सांभाळतो. मराठीत एम.ए. केल्यावर हेच मिळालं. आम्ही दोघंही बेसाला राहतो, तिथून त्यांच्या स्कूटीवर येतो.

वडील गेल्यावर ताईंनी हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलांचे शेअर धाकट्या भावाच्या, हर्षितच्या नावावर गेले. तो जपानात असतो. दरवर्षीच्या लाभांशातला अर्धा ताईंचा, असं दोघांत तोंडी ठरलं. पैसे येतात. ताई कधी आभार मानत नाहीत. आपल्याच पैशाचे आभार कसले, म्हणतात.

परदेशी राहणाऱ्या भागधारकाच्या लाभांशातून कंपनी वीस टक्क्यांहून जास्त कर कापते. जपानशी आपल्या देशाचा कराबाबत करार आहे. त्याप्रमाणे दहाच्या वर कापता येत नाही. त्यासाठी तिथला रहिवासी असल्याचा दाखला लागतो. तो हर्षितने या वर्षी आणला. राहिलं एक घोषणापत्र: हा लाभांश खरोखर माझाच आहे, तो दुसऱ्या कुणाला देण्यास मी बांधील नाही.

ते ताईंनीच टाइप केलं.

"पण अर्धा तर तुमचा आहे," मी म्हणालो.

"भावानं मनानं दिला तर चालते. ठरलं म्हणून दिला तर नाही चालत."

"मग पाठवू नका. कापू द्या पूर्ण कर."

"त्याचं नुकसान काहून करू?"

त्यांनी कागद पाठवला. लगेच फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"काय वं ताई, अजून एक सही? लग्नातही एवढ्या नव्हत्या केल्या!"

"आधी वाच गा."

"तू लिहिलं न? मंग काय वाचाचं?"

"वाच म्हणते न."

तिकडे त्याने कागद वाचला.

"ताई, मंग तुह्या हिश्श्याचं काय?"

"आता हिस्सा नाही. पाठवशीन तर पैसे येतीन."

"पाठवीनच न वं."

"मंग कर सही."

चहा येईपर्यंत सही होऊन कागद परत आला. ताईंनी तो फाइलला लावला आणि दहा टक्के कापले.

पुढच्या आठवड्यात हर्षितकडून ताईंना पैसे आले. कर कमी कापल्याने नेहमीपेक्षा जास्त. घरी निघताना ताईंनी स्कूटीजवळ उभं राहून फोन लावला.

"मिळाले गा. थँक्यू."

"थँक्यू काहून म्हणून राहिली वं?" हर्षित हसत होता.

ताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि मला बसायला सांगितलं.