आमचा टेलर अण्णा

अण्णाला दारूचा पयला ग्लास मी दिलता.

आजपतूर कुणाला सांगितलं न्हाय. चार माणसांत मला बोलायला जमत न्हाय, म्हणून हितं टाइप करालेय.

अण्णा म्हंजे माझा काका. कंग्राळीत सगळी त्येला टेलर म्हणायची. शाळंचे युनिफॉर्म शिवायचा. लेकरू न्हवतं त्येला.

काकू काविळीनं गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर संकेश्वरचं पावणं दुखवटा काढायला आलं. मटण केलतं. रीत हाय म्हणं, दुःखातल्या माणसानं दोन घोट घ्यायचं.

अण्णानं कधी चाखली पण न्हवती. नको नको म्हणालता.

आत्या म्हणाली, "पोरीच्या हातनं द्या, तिला न्हाय म्हणणार न्हाय त्यो."

न्हाय म्हणाला न्हाय.

पावणं गेलं. दारू ऱ्हायली.

मशीनवर धूळ बसली. बाबा भांडलं, आई रडली. कशाचा काय उपयोग न्हाय.

मी नववीत शाळा सोडलेली, घरातच असायची. एकदा सांजच्याला त्यो प्यायला जायाला चप्पल घालालता, तवा म्हणाले, "अण्णा, मला ब्लाऊज शिवायला शिकीव."

"तुला? सुईत दोरा तरी घालता येतोय काय गं?"

"तुला तरी येतोय व्हय आता?"

त्येनं आपलं हात बघितलं. लई थरथरत होतं.

मग हसला. काकू गेल्यापासनं पयल्यांदा.

रोज त्याच टायमाला मी मशीन उघडून बसायची. दोरा मी ओवायची, त्यो सांगायचा. "आगं बाही उलटी लावलीस! ती बाई हात कुठनं काढणार?"

कधी कधी जायाचाच. दुसऱ्या दिवशी तोंड चुकवायचा. मी नुसती मशीन उघडायची.

मग बेळगावला डॉक्टरकडं गेलो. दारू सोडायच्या गोळ्या चालू केल्या.

दिवाळीपासनं थेंब घेतला न्हाय त्येनं. मी गुपचूप वास घ्यायची. त्येला कळायचं. "घ्या पोलिस, घ्या!" म्हणून तोंड पुढं करायचा.

पण लिव्हर आधीच गेलतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

परवा सकाळी अण्णा गेला.

गावात एकच, "टेलर पिऊन मेला."

आज रक्षाविसर्जन होतं. गेलेल्या माणसाला आवडायचं त्ये ठेवत्यात. भावकीतल्या एकानं क्वार्टर ठेवली.

"त्येला हीच आवडत होती की," म्हणाला. दोघं तिघं हसली पण.

 मी जाऊन बाटली उचलली.

आई हळूच म्हणाली, "ठेव गं, लोक बघालेत."

"त्येनं सोडलीती!"

एवढ्या मोठ्यानं मी जल्मात बोलले न्हवते.

 बाबांनी माझ्या हातातनं बाटली घेतली, लांब जाऊन वतली. परत आलं तवा बाबा रडालते.

ह्येच्यासंगं टाकलेला ह्यो फोटो गेल्या महिन्यातला हाय. डोळं बघा त्येचं. शुद्धीत हाय माझा अण्णा.

जा अण्णा. तू पिऊन गेला न्हाईस.

ह्ये मी सगळ्यास्नी सांगीन.