विमानकाकूंचे टाके

विमानकाकूंना कुणी नावाने हाक मारत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका घड्याळजीने माणूस बसेल असं विमान बांधलं. ते टेकडीवरून थोडं उडालं आणि आपटलं. आता ते दोन खोल्यांच्या संग्रहालयात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं आहे. काकूंचे यजमान तिथले रखवालदार. ते गेल्यावर किल्ल्या काकूंकडे आल्या आणि राहायची मागची खोलीही त्यांच्याकडेच राहिली. आल्यागेल्याला त्यांचं एकच पालुपद: "हात लावू नका. घड्याळजींच्याच हातचं आहे."

यंदा छत गळू लागलं. शहरातून तपासनीस बाई येणार होत्या. विमान अस्सल ठरलं तर दुरुस्ती, नाहीतर इमारतीला कुलूप, असं संग्रहालय समितीचे सचिव म्हणाले. काकूंनी कुठे जायचं, ते बोलले नाहीत.

बाई आल्या. पंखाचं कापड त्यांनी चिमटीत धरलं. "हे कधीचं?"

"मीच बदललं की! जुनं पिवळं, कडक झालेलं, जागोजागी विरलेलं. पाहुण्यांपुढे तसली लक्तरं ठेवायची? टाके तर बघा."

टाके सुरेख होते. सचिवांनी कपाळावर हात मारला. "काकू, काय करून बसलात!"

"जुनं फेकलंत?" बाईंनी विचारलं.

"फेकीन कशी? उधळी आहे का मी?" काकू लगबगीने आत गेल्या आणि शिलाई मशीनवरचं कव्हर घेऊन आल्या. "हे काय, त्याचंच शिवलंय."

सचिवांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी कव्हर उजेडात धरलं. पांढरंशुभ्र, मऊ.

"धुतलंत?"

"सोड्यात उकळलं. तेलाचा वास जाता जाईना."

"तो घड्याळजींनी स्वतः बनवून कापडाला लावलेल्या रोगणाचा वास होता, काकू. मला तेच तपासायचं होतं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकूंना दोन शब्द उलट बोलता आले असते.

अहवाल यायचाय. त्यात काय असेल ते सचिवांना ठाऊक आहे, काकूंनाही.

परवा एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले. "हे घड्याळजींच्याच हातचं का हो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"लाकूड त्यांचं," काकू म्हणाल्या. "कापड माझं."

म्हाताऱ्याने पंखावरून हात फिरवला. काकू गळक्या छताखालची बादली रिकामी करायला गेल्या.