राणीसाहेबांचा राखाडी कोट

आमच्या ताईंना वाचनालयात सगळे राणीसाहेब म्हणतात, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. ताई म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, कुणाची भीड ठेवली नाही, आणि उभं आयुष्य काढलं ते गल्लीतल्या एका वाचनालयाच्या काउंटरमागे. तिथलं एक कपाट त्यांच्या खास लाडाचं. त्यात फक्त राजेराण्या आणि त्यांची घरं. कुणाचं लग्न कसं फिसकटलं, कुणाला सावत्र आईने कसं छळलं, कुणाच्या मुदपाकखान्यात कशावरून भांडणं व्हायची, सगळं तिथे मिळतं. लढाया आणि तह मात्र त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर टाकलेत, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी.

"लढाया काय, सगळे सारख्याच लढतात," ताई म्हणतात. "माणूस कसा होता ते त्याच्या आचाऱ्याला विचारावं."

म्हणून त्या शिफारस करतात ती बहुतेक करून राजवाड्यातल्या नोकरमाणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची. शिफारशीची तऱ्हाही न्यारीच. "तुम्हाला काय वाचायला आवडतं?" हे त्या कधी विचारणार नाहीत. चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "घरात सध्या कोण जड जातंय?" नवा वाचक गांगरतो. जुना वाचक मात्र काउंटरवर कोपर टेकवून सगळं भडाभडा सांगून टाकतो. मग ताई उठतात, डाव्या हातावर छातीपर्यंत पुस्तकांची चळत रचतात, उजवा हात बोलायला मोकळा ठेवतात आणि त्या चळतीतून नेमकं एक काढून समोर ठेवतात.

एक निवृत्त हेडमास्तर यायचे. शाळा सुटली होती पण हजेरी सुटली नव्हती. सून, नातवंडं, दूधवाला, सगळ्यांना ते धारेवर धरायचे. ताईंनी त्यांना एका पदच्युत राजाच्या खानसाम्याच्या आठवणी दिल्या. राज्य गेलं, परक्या गावात भाड्याच्या घरात राहायची वेळ आली, तरी हा राजा रोज सकाळी उरल्यासुरल्या नोकरांना रांगेत उभं करून मानवंदना घ्यायचा, आणि खानसामा बिचारा एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताने सलाम ठोकायचा. हेडमास्तरांनी पुस्तक आणून काउंटरवर आपटलं.

"माझ्या सुनेने तुमचे कान भरलेत का?"

"छे हो. दुसरा भाग देऊ?"

त्यांनी मुकाट्याने दुसरा भाग नेला. काही दिवसांनी त्यांची सून मुद्दाम वाचनालयात येऊन ताईंचा हात दाबून गेली. असे गुण आलेले पेशंट ताईंच्या खात्यावर बरेच आहेत, आणि त्या ते विसरू देत नाहीत.

ताईंचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांची चाल. मान ताठ, पाठ ताठ. "मी फूटपट्टीसारखी सरळ आहे," असं त्या स्वतःच सांगतात, म्हणजे दुसऱ्याला तसदी नको. तयार कपडा मात्र त्यांच्या अंगाला कधी बसला नाही. एकदा मोठ्या दुकानात कोट घालून पाहिला तर तो एका बाजूने लोंबायला लागला. "सरळ बाईचं माप तुमच्याकडे नाहीच," असं विक्रेत्याला सुनावून त्या बाहेर पडल्या. त्यांचा कोट शिवायच्या त्या आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. राखाडी रंग, तोच बेत. एक विरला की दुसरा.

आईंचं शिवणकामाचं दुकान खाली, आम्ही वर. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. कात्री दिली नाही. काज-बटणं माझी, काठाची दुमड माझी, पुढे मशीनही माझं झालं, पण कापायच्या त्या फक्त आई. "शिवण चुकली तर उसवू," त्या म्हणायच्या. "कापड चुकलं तर काय करशील?" पण मला कापायचं होतं, हे मी लपवत नाही. टेबलावर कापड पसरून पहिला कट मारताना कात्रीचा जो आवाज होतो, त्यासाठी माझे हात शिवशिवायचे.

मग दरवानाच्या कोटाचं झालं. हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलचा तो दरवान. गुडघ्यापर्यंत कोट, पितळी बटणं, खांद्यावर झालर, ताईंच्या कपाटातल्या अर्ध्या राजांपेक्षा रुबाबदार. असले मानाचे कोट आई कापायच्याही स्वतः आणि शिवायच्याही स्वतः. त्याने घालून पाहिला तर उजवं कोपर पुढे येईचना. "माझाच हात आखडलाय बहुतेक," तो भला माणूस म्हणाला आणि खांदा चोळायला लागला. आईंनी बाही हातात धरून पाहिली, कोट काढून घेतला आणि त्याला चार दिवसांनी यायला सांगितलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या गेल्या होत्या. एक बाही कापली की मापाचा कागद उलटा करून दुसरी कापायची, हे शिकाऊ मुलगीसुद्धा महिन्याभरात शिकते. आईंचा उलटा करायचा राहिला आणि उलटा केलेला नाही हे त्यांना दिसलंही नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे ऑपरेशनने सुधारणारं दुखणं नव्हे. आई ते घरात कुणाला बोलू देत नव्हत्या. आता मात्र बोलायलाच हवं होतं. असा अजून एक कोट गेला असता, तर आयुष्यभर कमावलेलं नाव त्याच्याबरोबर गेलं असतं, आणि आईंनी ते सोसलं नसतं.

ताईंनी सूत्रं हातात घेतली.

"आईला राज्य सोडायला लावायचं. पुस्तक आहे माझ्याकडे."

"ताई, तुम्ही सरळ बोला ना त्यांच्याशी."

"सरळ बोलले तर ती मला सरळ हाकलून देईल. तू फक्त वाचून दाखव. बाकी माझ्यावर सोड, वहिनी."

तेव्हा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वाचायचे आणि आई ऐकायच्या. "माझ्या हाताला काम आहे, तू वाच," असं त्यांनीच सांगितलं, आणि हातात नुसता टेप गुंडाळत बसल्या.

पहिलं पुस्तक एका राजाचं. त्याने भर उमेदीत मुलाला गादी दिली आणि बाग करायला निघून गेला. शेवटचं पान मिटलं तशी आई फिस्कारल्या. "बागेतून रोज पोराला निरोप धाडतोय, हे करू नको, ते करू नको. याला सोडणं म्हणतात होय? त्या पोराची दया येते मला." दुसरं पुस्तक एका म्हाताऱ्या राणीचं. तिला दिसेनासं झालं होतं, भलत्याच कागदांवर सह्या करायची आणि दरबार पांघरूण घालायचा. ताईंच्या मते हा रामबाण होता. आई ऐकता ऐकता खुलल्या. "शेवटपर्यंत टिकली बघ! बाई असावी तर अशी." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुप्पट कामं घेतली. मी ताईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचं औषध उलटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"राजे संपले आता," त्या म्हणाल्या आणि एक जुनं, बांधणी सुटलेलं पुस्तक माझ्याकडे दिलं. "हे औषध नाही. एका राणीच्या शिंपिणीने लिहिलंय. आईला आपलं आवडेल, एवढंच."

शिंपिणीने लिहिलं होतं साधंच. राणी थकली, तिची पाठ वाकली. शिंपीण तिचा झगा पाठीकडून लांब आणि पुढून आखूड कापू लागली, म्हणजे घेर जमिनीला सगळीकडून सारखा टेकायचा. राणी आरशात बघून म्हणायची, राज्याभिषेकाच्या दिवशी होते तश्शीच आहे मी, आणि शिंपीण म्हणायची, होय बाईसाहेब. पुढे शिंपिणीचे हात चालेनासे झाले. ती कुणालाही काही न सांगता गावी निघून गेली. नव्या बाईने राणीचा झगा सरळ मापाने कापला. राणीने आरशात पाहिलं, आणि त्यानंतर तिने महालातले आरसे झाकून टाकले. शिंपिणीने लिहिलं होतं की मी झगे शिवले आणि राणीला मात्र उघडं टाकून आले.

आईंच्या हातातला टेप थांबला.

"परत वाच."

मी परत वाचलं. आईंनी टेप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ताईला बोलाव. तिचा कोट विरलाय."

ताई आल्या त्या विजयी मुद्रेने. आई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी टेप माझ्या हातात दिला. "माप तू घे." मी ताईंना कोटावरूनच मापू लागले. दोन्ही खांदे सारखे भरले.

"कोट काढायला लाव," आई म्हणाल्या. "आणि डोळ्यांनी नको, हाताने बघ."

ताईंनी कोट काढला. मी मागे उभी राहून दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. डावा तळवा उजव्याच्या चांगलाच खाली आला. मी गोंधळून आईंकडे पाहिलं.

"डावा उतरता आहे," आई म्हणाल्या. "लक्षात ठेव."

"काहीतरीच काय!" ताई उसळल्या. "मी सरळ आहे."

"कोट घालून आहेस. आता आरशात बघ."

ताईंनी पाहिलं. काउंटरमागे हेडमास्तरांना न घाबरणाऱ्या आमच्या ताई आरशासमोर एकदम लहान दिसल्या. मी त्यांचा जुना कोट उचलला आणि अस्तराखाली चाचपलं. उजव्या खांद्यात काही नव्हतं. डाव्या खांद्यात जाड लोकरी फेल्टचे थर होते, एकावर एक, बाहेरून कळणार नाहीत असे निमुळते कापलेले. इतकी वर्षं त्या कोटांची बटणं मी लावली, आणि मला पत्ता नव्हता.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"वाचनालयात लागलीस, पुस्तकांची ओझी त्या एका हातावर घ्यायला लागलीस, तेव्हापासून. दर कोटाला जरासं वाढवत गेले."

"मला सांगायचं तरी."

"कशाला? पुस्तकं उचलायची सोडणार होतीस?"

ताई आरशातूनच आईंकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्या पुस्तकातली राणी मी?"

"मग तुला काय वाटलं, मी?"

मला हसू फुटलं. ताई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मला काय करावं ते सुचेना. मी नुसता त्यांचा खांदा धरून उभी राहिले, डावाच.

"मग आजच का सांगितलंस?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"मला आता कापता येत नाही, ताई," आई म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. "हिला ठाऊक नसलं तर ही तुला सरळ कापेल. आणि हिला शिकवायचं तर तुला समोर उभं करावंच लागणार. तुझ्या नकळत सांगता आलं असतं तर सांगितलं असतं गं."

त्यांनी टेबलावरची कात्री उचलली, पात्यांकडून धरली आणि मुठीकडची बाजू माझ्या पुढे केली. मी राखाडी कापड पसरलं, खडूने डावा खांदा उतरता आखला आणि पहिला कट मारला. आई डोळे मिटून तो आवाज ऐकत होत्या. बाह्यांवर आले तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, "कागद उलटा कर."

"केलाय, आई."

कोट तयार झाला त्या दिवशी ताई आरशासमोर खूप वेळ उभ्या होत्या. बटणं लावली, मान ताठ केली. आईंची खुर्ची खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथून त्यांना माणूस दिसायचं, खांदा दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे ताईंना माहीत होतं.

"आई, सरळ दिसते ना गं?"

"फूटपट्टीसारखी," आई म्हणाल्या.